प्रतिसाद: कबड्डीचं समालोचन रेडिओवर चालेल का?

वर एका भाऊंनी लिहिलंय की अमरावती विद्यापीठाच्या सामन्यांचं रेडिओ प्रसारण आता कोण ऐकणार, मोबाईलवर लाइव्ह दाखवा. अमरावतीत बसून ते बरोबर वाटतं. पण दर्यापूर-अंजनगावकडं आंतरमहाविद्यालयीन कबड्डी रंगते तेव्हा शिवारात कापसाची वेचणी असते. दोन्ही हात बोंडात, कमरेला ओटी. स्क्रीन बघणार कशी? खिशातल्या बटनांच्या फोनवरचा रेडिओ मात्र गातच असतो. (इयरफोनची वायर काढली की खरखर, कारण तीच त्याची अँटेना.)

अमेरिकेत पिट्सबर्गच्या केडीकेए या रेडिओ केंद्रानं 1921 मध्येच कॉलेज फुटबॉलचा सामना मैदानावरून ऐकवला. आपल्याकडं बाळ ज. पंडितांनी मराठीत क्रिकेट ऐकवलं. कबड्डी त्याहून अवघड. चढाई 30 सेकंदांची, तेवढ्यात बोनस रेषा, डावा कोपरा, साखळी, कोण बाद, कोण आत आलं, सगळं सांगायचं. क्रिकेटसारखी दोन चेंडूंमध्ये हवापाण्याच्या गप्पांना सवड नाही. म्हणून समालोचक दोघं हवेत: एक चढाई सांगणारा, दुसरा गुण. आणि वऱ्हाडी येणारा पायजे, पुस्तकी मराठीत पकड रंगत नाही बापा.

अडचण पल्ल्याची आहे. सामुदायिक रेडिओला (म्हणजे विद्यापीठासारख्या संस्थेच्या छोट्या केंद्राला) साधारण 100 वॉटची मर्यादा, म्हणजे दहा-पंधरा किलोमीटर. विद्यापीठाच्या आवारातलं केंद्र मेळघाटापर्यंत पोचणार नाहीच. त्यापेक्षा आकाशवाणीनं निदान अंतिम सामन्याला तासभर द्यावा, असं माझं मत.