‘जोगोबोयो’ला मराठीत काय म्हणावे?

ओसरी: मध्य जावातील एका खेड्यावरच्या दीर्घ लेखाचे मी सध्या मराठीत भाषांतर करत आहे आणि एका शब्दापाशी चार दिवस अडून बसले आहे. तिथल्या गावगाड्यात ‘लुराह’ हा गावाचा प्रमुख, ‘चारिक’ हा दप्तर सांभाळणारा, ‘उलु-उलु’ हा पाटाच्या पाण्याची पाळी लावणारा आणि ‘जोगोबोयो’ हा गावाच्या जीविताची, मालमत्तेची व शांततेची जबाबदारी असणारा. हा शेवटचा शब्द लिहिताना ‘जागाबाया’ असा लिहितात. जावाच्या भाषेत अशा ठिकाणी आकाराचा उच्चार ओकाराकडे जातो, इतकेच. त्यातला ‘जागा’ संस्कृत ‘जागृ’कडून आलेला आणि ‘बाया’ म्हणजे आपले ‘भय’. संकटाच्या वेळी जागा असणारा माणूस, असा त्याचा सरळ अर्थ होतो. मूळही तेच आणि कामही तेच, म्हणून मी ‘जागल्या’ लिहिले. संपादकांनी ते खोडून ‘ग्रामसुरक्षा अधिकारी’ केले. ‘जागल्या’ म्हटल्यावर वाचकाला गावाने राबवून घेतलेला, काठी हातात धरलेला माणूस दिसतो, असे त्यांचे म्हणणे आहे. माझ्या आजोळी, परभणीकडे, मी हा शब्द आदरानेच उच्चारलेला ऐकला आहे. आपणा सर्वांचे मत हवे आहे.

पाणंद: ओसरीताई, संपादकांची शंका रास्त आहे, पण त्यांचा पर्याय पटत नाही. आपल्याकडे जागल्याचे काम जातीने ठरत असे, आणि त्याबद्दल मिळणारी वतनाची जमीन ही सोयीपेक्षा बेडीच अधिक होती. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला, तो काही उगाच झाला नाही. जावातल्या या अधिकाऱ्यालाही कामाच्या मोबदल्यात गावाची जमीन कसायला मिळत आली आहे. तिला ‘बेंगकोक’ म्हणतात. पण ती पदाबरोबर येते आणि पदाबरोबर जाते, आणि पद जन्माने चिकटत नाही. तेव्हा जमिनीचे साम्य पाहून ‘जागल्या’ लिहिले, तर आपल्या इतिहासातली एक जखम आपण दुसऱ्याच्या गावावर नेऊन ठेवतो. मी ‘पोलीस पाटील’ सुचवेन. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमानुसार ते पद आजही गावोगावी आहे, आणि गावात अघटित घडले की पहिली वर्दी त्यानेच द्यायची असते.

कोशवाचक: ‘पोलीस’ हा शब्द मध्ये कशाला हवा? जावाच्या लोकांनी ‘भय’ शेकडो वर्षे जपून ठेवले आणि आपण मराठी माणसांनी त्याचे भाषांतर इंग्रजीतून आलेल्या शब्दाने करायचे, हे मनाला लागते. ‘ग्रामरक्षक’ किंवा ‘भयरक्षक’ असा शब्द घडवता येईल. याच लेखात ‘मालमत्ता’ आले असेल, तर तेही पाहावे. त्यातला ‘माल’ अरबी आणि ‘मत्ता’ही अरबी ‘मताअ’च; पुष्कळांना तो संस्कृत वाटतो, ही गोष्ट निराळी. इंडोनेशियाच्या राजभाषेत मात्र ‘जिवा’ आणि ‘हार्ता बेंदा’ अशी जोडी रूढ आहे. ‘जिवा’ म्हणजे जीव, ‘हार्ता’ म्हणजे अर्थ, आणि ‘बेंदा’ म्हणजे संस्कृत ‘भाण्ड’. आपले ‘भांडे’ आणि ‘भांडवल’ त्याच घरातले आहेत.

सह्यकडा: ‘भयरक्षक’ म्हणजे भयाचे रक्षण करणारा, असाच अर्थ प्रथम मनात येतो. ‘मालमत्ता’ हा शब्द घरपट्टीच्या पावतीवर छापलेला असतो आणि निरक्षर माणसालाही तो कळतो. तो आता आपलाच आहे. दुसरे असे की ‘बाया’ म्हणजे नेहमी ‘भय’च, असे धरून चालू नये. जावाच्या भाषेत ‘बाया’ म्हणजे मगरही. सुराबाया शहराच्या बोधचिन्हात मासा आणि मगर झुंजताना दिसतात. ‘सुरा’ म्हणजे शार्क मासा आणि ‘बाया’ म्हणजे मगर, अशी तिथली लोककथा आहे. काही जण त्याच नावाचा अर्थ संकटात शूर असणारा, असा लावतात. दोन्ही अर्थ शहरात सुखाने नांदतात.

मृगाचा पाऊस: योग्यकर्त्याच्या दक्षिणेला एका खेड्यात मी तीन वर्षे राहिले आहे, म्हणून लिहिते. रात्रीची राखण जोगोबोयो एकटा करत नाही, आणि तुमच्या शब्दाचा घोळ कदाचित इथेच आहे. ती राखण घरोघरच्या पुरुषांची पाळीपाळीने असते. तिला ‘रोंडा’ म्हणतात. चौकात एक लहानशी चौकी, तिच्या आढ्याला टांगलेले ‘केंटोंगान’, म्हणजे बांबूचे किंवा फणसाच्या लाकडाचे, पोटात उभी चीर पाडलेले वाद्य, आणि खाली चटईवर गोड चहा व उकडलेल्या शेंगा घेऊन बसलेले पाच-सहा जण. आमच्या फाटकाला घरमालकीणबाईंनी खिळा ठोकून प्लास्टिकची एक वाटी अडकवली होती. तिच्यात रोज संध्याकाळी त्या चिमूटभर तांदूळ टाकत. मध्यरात्रीनंतर पाळीवरचे लोक बॅटरीच्या उजेडात ते तांदूळ पिशवीत ओतून घेत. याला ‘जिम्पितान’ म्हणतात. पुढे तांदळाऐवजी नाणे ठेवण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आली. जमलेला पैसा गावाच्या सामाईक कामाला लागतो. पण खरी खुबी अशी की वाटी रिकामी करायला प्रत्येक दारापर्यंत यावेच लागते, त्यामुळे गस्त झाली की नाही हे सकाळी घरातल्या बाईला वाटी पाहूनच कळते.

पाणंद: मग ‘रोंडा’ला आपल्याकडे तयार शब्द आहे. कापणीच्या दिवसांत माझे वडील शेतात ‘जागलीला’ जात. त्या ‘जागल’ शब्दाला जातही नव्हती आणि पगारही नव्हता. ज्याचे पीक, त्याची जागल. तेव्हा रोंडा म्हणजे जागल, आणि जोगोबोयो म्हणजे जागलीची व्यवस्था पाहणारा.

कोशवाचक: माझ्या आजोबांच्या तोंडी ‘रोंद’ होते. फौजदार रोंदीला निघाले, असे ते म्हणत. ‘रोंद’ आणि ‘रोंडा’ हे दोन्ही पोर्तुगिजांचेच देणे असावे, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

सह्यकडा: ‘रोंद’ इंग्रजी ‘राउंड’वरून आले, असे मी मानतो. कोकण-गोव्यापुरती आपली व्युत्पत्ती लागू पडत असेलही, पण देशावरच्या फौजदाराला पोर्तुगीज शब्द कोणी दिला?

ओसरी: मृगाच्या पावसाच्या लेखनाने पुष्कळ उलगडा झाला. आता केंटोंगानच्या ठोक्यांबद्दल विचारते. लेखात ‘रोजोपाती’ या नावाचा एक ठोका आहे आणि मी त्याचे ‘राजपती’ केले होते. राजा गावात आल्याची वर्दी असेल, असा माझा समज झाला.

मृगाचा पाऊस: ताई, तो शब्द ताबडतोब बदला. ‘रोजोपाती’ म्हणजे खून. इथला ‘पाती’ संस्कृत ‘पति’ नव्हे. जावाच्या भाषेत ‘पाती’ म्हणजे मरण. आमच्या गावात ठोक्यांची जी पाटी लावली होती, तिच्यात सावकाश एकेक ठोका म्हणजे खून, दोन-दोन म्हणजे घरात चोर, तीन-तीन म्हणजे आग, चार-चार म्हणजे पुरासारखी आपत्ती आणि पाच-पाच म्हणजे गुरांची चोरी, असे लिहिले होते. ‘दोरो मुलुक’ म्हणजे उंच चढणारे कबूतर. तो ठोका ऐकू आला की सारे कुशल समजायचे. घरात शिरलेला चोर वेगळा आणि गुरे नेणारा चोर वेगळा, हे मला पहिल्यांदा त्या पाटीने शिकवले. गुरांना तिथे ‘रोजोकोयो’ म्हणतात.

कोशवाचक: ‘रोजोकोयो’, म्हणजे ‘राजाकाया’! यात आपली ‘काया’ स्पष्ट दिसते. चालतेबोलते, देह असलेले धन.

सह्यकडा: थोडे थांबावे. ‘काया’ म्हणजे तिथे मिळकत, संपन्नता. देहाशी त्याचा संबंध नाही. नुकतेच ‘पाती’ने फसवले असताना दुसऱ्याच ओळीत ‘काया’वर विश्वास कसा ठेवता? दागदागिन्यांच्या ठेव्याला म्हणतात तो ‘राजाब्राना’ मात्र ‘आभरण’वरून आला असावा, हे मी मान्य करीन.

मृगाचा पाऊस: ‘रोजोकोयो’ला मराठीत ‘गुरेढोरे’ म्हणा, पण ‘पशुधन’ म्हणू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ‘पशुधन’ हा अहवालातला शब्द आहे. २०१० च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मेरापी ज्वालामुखी जागा झाला आणि साडेतीनशेहून अधिक माणसे दगावली. डोंगरावरची गावे रिकामी केल्यानंतरही लोक गायींना वैरण घालायला दिवसा वर चढत होते. हजारो माणसे ज्या गायीपायी जीव धोक्यात घालतात, तिला ‘पशुधन’ म्हटले की लोक वर का चढले, ते वाचकाला कळणार नाही. आपल्याकडे दुष्काळात माणसे छावणीत दावणीशेजारी झोपतात, त्यांच्या तोंडी ‘जनावरं’ असते.

पाणंद: ‘जनावरे’च लिहावे. ओसरीताई, लेखात जमिनीविषयी काय आहे? बांधावरून होणाऱ्या भांडणांसाठी तिथे कोणता शब्द आहे, ते जाणून घ्यायला आवडेल.

ओसरी: बांधाला ‘गालेंगान’ म्हणतात. जमिनीसंबंधी एक म्हण आली आहे: ‘सादुमुक बातुक, सान्यारी बुमी, दितोही पाती.’ कपाळाला एका बोटाचा स्पर्श आणि बोटाच्या रुंदीएवढी भूमी, यांसाठी मरणही पणाला लावावे. कपाळ म्हणजे घरातल्या स्त्रीची अब्रू, असा अर्थ लावतात. ‘पाती’ इथेही मरणच आहे, हे आता लक्षात आले. ‘सान्यारी’साठी मी ‘तसूभर’ लिहिले आहे.

सह्यकडा: ‘तसूभर’ आता नकारातच शोभते. ‘तसूभरही हलणार नाही’ असे आपण म्हणतो. ‘तसूभर जमीन’ माझ्या कानाला पुस्तकी लागते.

पाणंद: आमच्याकडे ‘वीतभर’ म्हणतात. वीतभर बांधासाठी दोन सख्खे भाऊ वीस वर्षे कोर्टात गेलेले मी पाहिले आहेत.

कोशवाचक: वीत म्हणजे बारा बोटे. मुळात एकच बोट असताना बारा लिहिणे, ही भाषांतरातली अतिशयोक्ती झाली. ‘बोटभर’ लिहावे.

पाणंद: ‘बोटभर’ म्हटले की बोटाची लांबी डोळ्यांपुढे येते, बोटभर चिठ्ठी, बोटभर चिंधी. इथे रुंदी हवी आहे. शेतकरी बांध कोरताना नांगराचे एक तास पुढे सरकवतो. ‘तासभर’ म्हणावे, तर वाचक घड्याळ पाहील.

मृगाचा पाऊस: तिथे हे सांगताना लोक तर्जनी आडवी धरून दाखवतात. मराठीत ‘आडवे बोटभर’ असे कोणी म्हणते का?

पाणंद: बार्शीकडे ‘आडवं बोट’ मी पाण्याच्या बाबतीत ऐकले आहे, पाटात आडवं बोट पाणी राहिलं, असे. जमिनीच्या बाबतीत ऐकलेले नाही. आईला विचारून उद्या लिहितो.