साइट झोपली तरी ५०४ शांत कसा? (सोसायटी ग्रुप)

बी-५०४ : काल सगळे विचारत होते क्रिकेटचा फॅन्टसी गेम (खऱ्या खेळाडूंची आपली टीम लावायची, ते खेळतील तसे पॉइंट) बंद पडला तरी हा शिव्या कशा घालत नाही. सांगतो, मेसेज मोठा आहे, नको असेल त्यांनी पुढे जा. आयपीएलचा टॉस सातला, मॅच साडेसातला. टॉसला अकरा जण आणि वर पाच सब्स्टिट्यूट देतात म्हणजे खरं काय ते सातनंतरच कळतं, मग त्या अर्ध्या तासात जो तो आपली टीम बदलत बसतो आणि सर्व्हरवर सगळा लोड तेव्हाच. मी विरार फास्टमध्ये, एक हात हँडलला, दुसऱ्याने कॅप्टन बदलतोय आणि ते गोल फिरायला लागलं ते फिरतच राहिलं

ए-२०२ काकू : पैसे लावतोस का रे?? आईला माहितीये?

बी-५०४ : नाही हो काकू 🙏 फुकटवाला आहे, पॉइंट आणि बढाई फक्त. पैशावाले ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंद झाले, ड्रीम इलेव्हनने पण कॅश कॉन्टेस्ट बंद केल्या

सेक्रेटरी काका : बरोबर. इंडियाच्या जर्सीवरून नाव पण गेलं, मग अपोलो टायर्स आलं.

बी-६०२ : दादा मुद्द्यावर ये

बी-५०४ : हां. तर मी कंप्लेंट टाकायच्या आधीच वर पट्टी आली, की टीम सेव्ह होत नाहीयेत, प्रॉब्लेम आमच्याकडे आहे, तुमचं नेट तपासत बसू नका, सेव्ह सारखं दाबू नका लोड वाढतो, आठला परत सांगतो. आठला काय सांगितलं तर अजून सापडलं नाही, साडेआठला बघा. बस एवढंच. पण आठ म्हणजे आठला, मला तेवढंच पुरे झालं

सी-३०१ : हे लिहायला हिंमत लागते राव. मी मालाडला माइंडस्पेसमध्ये नाइट शिफ्टला सपोर्टला होतो, "सापडलं नाही" लिहायची परवानगीच नसायची. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत चिकटवा आणि तिकीट, म्हणजे कंप्लेंट, क्लोज करा, कारण टीम लीडर बघणार किती क्लोज केली आणि एका कॉलला किती मिनिटं लावली. कस्टमरचं काम झालं का हा कॉलमच नव्हता एक्सेलमध्ये. तीच कंप्लेंट दुसऱ्या दिवशी नवीन नंबराने यायची, ती पण क्लोज, म्हणजे आकडा अजून चांगला 😂

सेक्रेटरी काका : आपल्या लिफ्टवाल्यांचं हेच. "माणूस निघालाय". कुठून निघालाय विचारलं की फोन कट.

ए-२०२ काकू : परवा भाजीची पिशवी घेऊन जिना चढले मी

बी-६०२ : पण दादा तुझं काम झालंच नाही ना?? माझा कॅप्टन तर लावून दिला त्यांनी 😎

बी-५०४ : तेच तर सांगतोय. रात्री मेल टाकला, सकाळी उत्तर आलं, माणसानेच लिहिलेलं कारण मी ट्रेनमध्ये होतो वगैरे जे लिहिलेलं त्याचा उल्लेख होता. की तुमची ७:१२ ची टीम आमच्याकडे आहे, नंतरची रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत आलीच नाही, म्हणून कॅप्टन बदलता येणार नाही, सॉरी. ह्या ६०२ ची पहिला बॉल पडायच्या आधी पोचलेली, वेळेसकट लॉगमध्ये दिसत होती, म्हणून ह्याला दिला. कॅप्टनचे पॉइंट डबल होतात त्यामुळे हा कुठल्या कुठे वर गेला आणि मी तळाला

ए-१०३ : मग चांगलं काय त्यात, नाहीच म्हणाले ना. फुकटच्या गेमला गोड बोलायला काय जातंय

बी-५०४ : गोड नाही हो, सरळ बोलले. मॅच संपल्यावर कोणीही म्हणेल ज्याने शंभर मारले तोच माझा कॅप्टन होता, मग काय करणार? गेममधली ती सगळी मॅचच रद्द करणं त्यांना सोपं होतं पण ज्यांची टीम नीट सेव्ह झालेली त्यांनी काय घोडं मारलंय

सी-३०१ : आणि फुकटचं उलट आहे. फुकटवाल्याचं ॲप लोक एका मिनिटात उडवतात, त्याला सांभाळावंच लागतं. लिफ्टवाल्याला माहितीये ह्यांनी वर्षाचं एएमसी, म्हणजे देखभालीचे पैसे, आधीच भरलंय

सेक्रेटरी काका : ह्या वेळी तिमाही देणार. आणि बंद पडली की किती तासात माणूस ते लिहून घेणार.

ए-२०२ काकू : ते ठीक, पण सकाळपासून पाणी नाही त्याचं काय? तुम्ही पण काही टाकलं नाहीत ग्रुपवर

सेक्रेटरी काका : टाकणार होतो वहिनी, म्हटलं आधी प्लंबरला विचारून मग

बी-६०२ : 😂😂😂

सी-३०१ : काका "अजून सापडलं नाही" टाकलं असतं तरी चाललं असतं

सेक्रेटरी काका : खालची मोटर चालू होत नाहीये, कॅपॅसिटर गेला असेल, नक्की नाही. इलेक्ट्रिशियन कांदिवलीला आहे, आत्ता बोललो. बाराला इथे परत टाकतो.

ए-२०२ काकू : बरं. १०३, तुमच्याकडे पिंपात आहे ना, दोन बादल्या पाठवा वर