ब्लीच बायपास निगेटिव्हवर केला तर काळोख दाट होतो का?

रीळवेडा: लघुपट १६ मिमीवर, कोडॅक ७२१९ (संवेदनशीलता ५००, टंगस्टन म्हणजे पिवळ्या दिव्यांच्या उजेडासाठीची फिल्म) वापरून करायचाय. रंग उडालेले आणि सावल्या गडद हव्यात, म्हणून ब्लीच बायपास, म्हणजे फिल्म धुताना ब्लीचची पायरी वगळणं, डोक्यात आहे. प्रिंट निघणार नाही, थेट स्कॅन. प्रकाश मोजायचा मीटर किती संवेदनशीलतेवर धरू? लॅबला काय सांगू?

चांदीवाला: सावल्या गडद होतील हे आधी डोक्यातून काढा. डेव्हलपरमध्ये रंगांबरोबर धातूरूप चांदीही तयार होते. ब्लीच तिचं परत हॅलाइड (चांदीचा क्षार) करतं, फिक्सर ते धुऊन काढतो. ब्लीच गाळलं की रंगीत चित्रावर कृष्णधवल चित्र चिकटून राहतं. निगेटिव्हवर चांदी सर्वांत जास्त कुठे? जिथे उजेड जास्त पडला तिथे. म्हणजे खिडकी, पांढरा सदरा, कपाळावरची चकाकी आधी जळणार (तपशील जाऊन पांढरीफक्क होणार), वर ग्रेन (चित्रातले दाणे) वाढणार. प्रिंटवर नेमकं उलटं: चांदी सावल्यांत साठते, म्हणून काळा डांबरासारखा दिसतो. ‘सेव्हन’च्या (१९९५) काही प्रिंट्स अशाच काढल्या होत्या.

मीटर १०००वर ठेवा, म्हणजे एक स्टॉप कमी, निम्माच उजेड. डेव्हलपर नेहमीचाच, ४१.१ अंश सेल्सिअस, ३ मिनिटं. पुश (डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवणं) अजिबात नको, कॉन्ट्रास्ट आधीच चढलेला असतो. आणि लॅबला ‘फक्त ब्लीच गाळा’ असं लिहूनच द्या. फिक्सही वगळलं गेलं तर उरलेलं हॅलाइड पुढे काळवंडतं.

दुसरा_रीळ: स्कॅनरवाल्याला आधी कळवा. चांदी इन्फ्रारेड अडवते, त्यामुळे इन्फ्रारेडने धूळ काढणारी सोय चालू ठेवली तर ती चित्रालाच धूळ समजून खाते. ती बंद ठेवायची, धूळ हाताने काढायची.

रीळवेडा: ईएनआर (चांदी राखण्याची दुसरी पद्धत) करता येईल का? आणि निकाल नाही आवडला तर?

चांदीवाला: ईएनआर प्रिंटसाठी. रोमच्या टेक्निकलर लॅबमध्ये, छायालेखक स्टोरारोंनी चित्रित केलेल्या ‘रेड्स’साठी (१९८१) ते वापरलं गेलं. त्यात ब्लीच होतंच. नंतर, फिक्सच्या आधी, कृष्णधवल डेव्हलपरची जादा टाकी असते. चांदी किती ठेवायची ते तिथे ठरवता येतं. तुमच्याकडे प्रिंटच नाही.

निकाल नाही आवडला तर तेच निगेटिव्ह पुन्हा ब्लीच आणि फिक्स करून घ्या, चांदी निघून जाते. एक स्टॉप कमी दिलेला असल्याने निगेटिव्ह थोडं पातळ राहील, पण चालेल. तरी आधी चाचणी घ्याच: ग्रे कार्ड (मोजमापासाठीचा करडा पुठ्ठा), चेहरा, पांढरा आणि काळा कपडा एकाच फ्रेममध्ये, मीटर ५००, १००० आणि १६००वर.

दुसरा_रीळ: गडद सावल्याच हव्या असतील तर निगेटिव्ह साधंच धुवा. ग्रेडिंगमध्ये (स्कॅननंतर रंग जुळवताना) त्याच चित्राची कृष्णधवल प्रत वर चढवा. प्रिंटवरच्या रूपाच्या ते जास्त जवळ जातं.