इजिप्तचं आपल्या घरात काय आहे? सातवीच्या पोरांना दाखवायचंय

मलप्रभाकाठची_बाई
खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकवते. पिरॅमिड, ममी, चित्रलिपी इथवर धडा छान रंगला. मग मागच्या बाकावरच्या एका पोरीनं विचारलं, "बाई, त्यांचं आपल्याकडं काय आलं?" 'नंतरच्या संस्कृतींवर प्रभाव पडला' एवढ्यावर तिचं समाधान होणार नाही, आणि होऊही नये. पोरांना हात लावून बघता येईल असं काही सुचवा.

शहापूरचा_घड्याळजी
बाई, वर्गातलं घड्याळच खाली उतरवा. बेळगावात आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासूनचं, त्यामुळं हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. दिवसाचे २४ भाग इजिप्तचे: उजेडाचे बारा, अंधाराचे बारा. तासाची ६० मिनिटं मात्र बाबिलोनच्या गणितातली.

इजिप्तमधल्या कर्नाकच्या मंदिरात तिसरा आमेनहोतेप या राजाच्या काळातलं, म्हणजे इ.स.पू. चौदाव्या शतकातलं, दगडी पाणघड्याळ सापडलंय. भांड्याच्या बुडाशी बारीक भोक, आतून खुणा. पाणी जसं उतरेल तसा तास कळायचा. त्याची घडण बघा की! पाणी कमी झालं की धार मंदावते, म्हणून भांडं वर रुंद आणि खाली निमुळतं. उन्हाळ्यातली रात्र लहान, हिवाळ्यातली मोठी, तरी तास बाराच ठेवायचे. म्हणून बारा महिन्यांसाठी खुणांच्या बारा वेगळ्या रांगा. इतका विचार करणारा कारागीर माझ्या धंद्यातला पूर्वज, असं मी मानतो.

आपली रीत निराळी. अहोरात्र मिळून ६० घटका, घटका २४ मिनिटांची. लग्नात घंगाळात सोडायचे ते घटिकापात्र पाणी आत येऊन बुडतं, इजिप्तचं भांडं रिकामं होतं. दोन्ही करून दाखवा. बुडणाऱ्याला भोक पाडलेली करवंटी, गळणाऱ्याला प्लास्टिकचा डबा.

निपाणीकर_जोशी
घड्याळजींच्या २४ तासांतूनच आपल्या वारांचा क्रम निघतो, तोही सांगा. इजिप्तचा आठवडा दहा दिवसांचा होता, त्यामुळं सात वार त्यांचे म्हणू नका. पण ग्रीक-रोमन काळात इजिप्तचे तास, बाबिलोनचं ग्रहज्ञान आणि ग्रीक गणित यांची सांगड बसली. दूरच्या ग्रहापासून जवळच्यापर्यंत क्रम लावला: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दर तासाला एक ग्रह, म्हणजेच पंचांगातली होरा. शनिवारी पहिली होरा शनीची. तीन फेऱ्यांत २१ होरा झाल्या, २२वी पुन्हा शनीची, २३वी गुरूची, २४वी मंगळाची. दुसऱ्या दिवशीची पहिली कुणाची? रवीची! तिथून मोजलं की सोमवार. पोरांना बोटांवर मोजू द्या, आधी उत्तर सांगू नका.

दुसरं, पत्रिकेतले द्रेष्काण. प्रत्येक राशीचे दहा-दहा अंशांचे तीन भाग, एकूण ३६. इजिप्तमध्ये रात्रीचे तास ओळखायला ३६ तारकागट होते. चार हजार वर्षांपूर्वीच्या शवपेट्यांच्या झाकणांवर आतल्या बाजूनं त्यांची कोष्टकं लिहिलेली मिळतात. आपल्याकडं हे ज्ञान यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या मार्फत आलं. वराहमिहिर या ज्योतिषानं सहाव्या शतकात रोमक आणि पौलिश हे पश्चिमेकडून आलेले खगोलगणिताचे सिद्धांत मोकळेपणानं मांडले, यवनपुराचा, म्हणजे इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा, उल्लेखही केला. ज्ञान कुठून आलं हे सांगायला त्याला संकोच वाटला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

मलप्रभाकाठची_बाई
जोशीकाका, होरा मी स्वतः मोजून बघितल्या, सातही वार बरोबर आले! भिंतीवरच्या इंग्रजी कॅलेंडरचाही संबंध आहे का?

निपाणीकर_जोशी
आहे की. इजिप्तचं वर्ष १२ महिन्यांचं, महिना ३० दिवसांचा, वर ५ दिवस: ३६५. ज्युलियस सीझरनं इ.स.पू. ४५ पासून रोममध्ये सौर वर्ष लागू केलं, तेव्हा सल्ला अलेक्झांड्रियाच्या सोसिजेनीस या खगोलज्ञाचा होता.

शहापूरचा_घड्याळजी
बाई, डब्याला भोक खिळ्यानं पाडू नका, पाणी पाच मिनिटांत संपेल. शिवणाची बारीक सुई तापवून टोचा आणि पाणी फडक्यानं गाळून घ्या. विहिरीच्या पाण्यातला कचरा भोकात अडकला की सगळे तास चुकतात.