मदत हवी आहे: टॉवर नसलेल्या शेतात जागलीवरचे फोन एकमेकांना कसे जोडायचे?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, ब्रह्मपुरी वनविभागाच्या कडेला. धान निसवला की कापणी होईपर्यंत रात्री शेतात जागल असते, कारण रानडुकरं एका रात्रीत अख्खी बांधी लोळवून टाकतात. आमच्या बाजूला सहा मचाणी आहेत. पहिलीपासून शेवटची साधारण सव्वा किलोमीटर, म्हणजे दोन मचाणींत अडीचशे मीटरचं अंतर. गावात नेटवर्कची एखादी दांडी येते, बोडीची (शेततळ्याची) पाळ ओलांडली की तीही जाते.

गेल्या कार्तिकात रात्री दोनच्या सुमारास मोठ्या बाबांना नाल्याकाठी वाघ दिसला. बॅटरी मारली तर दोन डोळे चमकले. ते स्वतः मचाणीवर होते, पण माझा चुलतभाऊ त्याच वेळी नाल्याच्या वाटेने पुढच्या मचाणीकडे निघाला होता. मोठ्या बाबांनी डबा बडवला, हाका मारल्या. वारा उलटा, शब्द पोचले नाहीत, फक्त डबा ऐकू गेला. आणि डबा तर रोजच वाजतो! भावाला वाटलं, डुकरं हाकलून राहिले. तो चालतच राहिला. वाघ जंगलाकडे वळला म्हणून निभावलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच आहे: डुक्कर आलं की वाघ आला, एवढं तरी सहाही मचाणींना कळलं पाहिजे. फोन सगळ्यांच्या खिशात आहेत.

आतापर्यंत केलेले प्रयोग:

ब्रायर ॲप इंटरनेटशिवाय चालतं असं वाचलं होतं, पण २०२३ मध्ये आपल्याकडे बंद केलेल्या १४ ॲपच्या यादीत ते आहे, म्हणून त्या वाटेला गेलो नाही. मग बिटचॅट घेतलं. ते ब्लूटूथवर चालतं आणि निरोप एका फोनवरून दुसऱ्यावर असा जास्तीत जास्त सात उड्या मारतो. अंगणात चार फोनवर झकास चाललं. शेतात मात्र चाळीस पावलांवर तुटलं. फोन खिशात ठेवून पाठ फिरवली तर त्याही आधी. सात उड्या असून उपयोग काय, मधे उडी घ्यायला कुणी माणूसच नाही! दोन मचाणींच्या मधे नुसता धान.

नंतर एका फोनचा हॉटस्पॉट लावला आणि दुसऱ्यावरून लोकलसेंडने (एकाच वायफायवरच्या फोनांत मजकूर पाठवणारं ॲप) मजकूर पाठवला. संध्याकाळी नव्वद पावलांपर्यंत जमलं. पहाटे दव पडल्यावर तेच सत्तरवर आलं. शिवाय सगळ्यांना त्या एकाच फोनपर्यंत पोचावं लागतं, साखळी काही होत नाही. आणि स्क्रीन बंद झाली की थोड्या वेळात बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली अँड्रॉइड ॲपच झोपवून टाकतो. बॅटरीची ती सेटिंग काढून पाहिली, एका फोनवर फरक पडला, दुसऱ्यावर नाही.

माझा प्रश्न असा: फोनच्या वायफायलाच अ‍ॅड-हॉक मोडवर (म्हणजे मधे राउटर न लागता फोन थेट फोनला जोडणं) टाकून फोन-ते-फोन साखळी करता येईल का? रूट करायला, म्हणजे अँड्रॉइडची बंधनं काढून पूर्ण ताबा घ्यायला, एक जुना फोन द्यायची तयारी आहे. की दुसरं काही घ्यावं? खर्च सहा घरांत वाटून घेऊ, म्हणून जितकं स्वस्त तितकं बरं.

प्रतिसाद

भाऊ, रूटच्या मागे लागू नका. नेहमीच्या अँड्रॉइडमध्ये अ‍ॅड-हॉक मोड मिळत नाही, आणि रूट करून मिळवला तरी अंतर वाढणार नाही, कारण अँटेना तोच आणि ताकद तीच. २०१० च्या हैतीच्या भूकंपानंतर ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठात सर्व्हल नावाचा प्रकल्प हेच करायला निघाला होता. त्यांनाही पुढे फोनच्या जोडीला वेगळ्या रेडिओची छोटी पेटी बनवावी लागली. तुमचे अडीचशे मीटर म्हणजे नेमकी तीच अडचण.

तुम्हाला लोरा लागेल, म्हणजे कमी ताकदीत लांबवर छोटे निरोप पोचवणारा रेडिओ. मेशटास्टिक हे मोफत सॉफ्टवेअर टाकलेला एक छोटा बोर्ड प्रत्येक मचाणीवर ठेवा. फोन त्या बोर्डाला ब्लूटूथने जोडायचा, म्हणजे फोनपासून बोर्ड दोन हातांवर, आणि लांबचं काम बोर्ड आपसात करतात. मोकळ्या शेतात किलोमीटर सहज निघतो. ॲपमध्ये प्रदेश भारत निवडा, म्हणजे तो ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालेल. ठरलेल्या ताकदीच्या आत त्या पट्ट्याला आपल्याकडे परवाना लागत नाही. फक्त मजकूर जातो, आवाज नाही. पण तुम्हाला दोनच शब्द हवे आहेत ना?

तीन गोष्टी विसरू नका. अँटेना लावल्याशिवाय बोर्ड चालू करू नका, रेडिओ जळू शकतो. सुरुवातीच्या चॅनेलची किल्ली (निरोप कुलूपबंद करणारा गुप्त आकडा) सगळ्या जगाला ठाऊक असते, ती बदलून स्वतःची घाला. आणि बोर्डाला बझर जोडा, कारण जागलीवरचा माणूस पहाटे पेंगतोच, फोनचा स्क्रीन कोण बघतं!

आधी दोनच बोर्ड घ्या. एक मोठ्या बाबांकडे, एक सगळ्यात शेवटच्या मचाणीवर. निरोप थेट गेला तर मधल्यांना घाईने घ्यायची गरजच नाही.

धागाकर्ता

खूप आभार! बझरची गोष्ट तर माझ्या डोक्यातच नव्हती. मोठ्या बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "फोनचं मले समजत नाही. डुकराले एक वाजव, वाघाले तीन." तेच ठरवलं. दोन बोर्ड मागवतो.

एकच शेवटचं विचारतो. अँटेना मचाणीच्या वर बांबूला बांधला तर परतीच्या पावसात वीज पडायची भीती आहे का? आमच्याकडे दसऱ्याच्या सुमारास ढग गडगडतात.

प्रतिसाद

ढग आले की अँटेना खाली घ्या आणि तुम्हीही मचाणीवरून उतरून घरी जा. उघड्या शेतात मचाणच सगळ्यात उंच असते, अँटेना असो वा नसो. एरवी बांबूवर मचाणीच्या छपरापेक्षा हातभर वर पुरतो, धानाच्या वर मोकळं दिसलं की झालं.