कोकणातल्या पोरांना शिकायचं नसतं म्हणे

रात्रपाळी_रत्नागिरी:
परवा एका सिनियर साहेबांनी पोस्ट टाकली की आपल्याकडची पोरं सर्व्हिस डेस्कवर (कंपनीच्या आयटी मदतकक्षात) पाच-पाच वर्षं पासवर्ड रिसेट करत बसतात कारण शिकायची भूकच नाही, आयटिल फाउंडेशन (आयटी सेवा कशी चालवायची याचं सुरुवातीचं सर्टिफिकेट) करा, दोन वर्षांत इन्सिडंट मॅनेजर, म्हणजे बिघाड हाताळणाऱ्यांचे प्रमुख, व्हाल. खाली कॉमेंट लिहायला बसलो तर लांबली, म्हणून वेगळा धागा.

साहेब, मी केलंय फाउंडेशन. ४० प्रश्न, ६० मिनिटं, २६ बरोबर आले की पास. मला ३४ होते. पैसे स्वतःचे, परीक्षा घरून, महावितरणच्या कृपेने इन्व्हर्टरवर. दुसऱ्या दिवशी तक्रारींच्या त्याच रांगेत तेच पासवर्ड. आणि आता २०२३ पासून त्याला तीन वर्षांची मुदत, म्हणजे परत खर्च आलाच.

खरी गंमत पुढे. पुस्तकात लिहिलंय की तेच तेच इन्सिडंट येत असतील तर मूळ कारण शोधा. शोधलं ना! दर सोमवारी सकाळी एकाच डिपार्टमेंटची तीसेक तिकिटं, म्हणजे तक्रारी, यायची, शेअर्ड ड्राइव्ह दिसत नाही म्हणून. शनिवारी रात्री सर्व्हर रिस्टार्ट व्हायचा आणि एक सर्व्हिस आपोआप उठायची नाही, एवढंच. प्रॉब्लेम रेकॉर्ड, म्हणजे मूळ कारणाची नोंद, टाकला, मागे लागून लागून दोन महिन्यांनी ते सुटलं, तिकिटं बंद. अप्रेझलला काय ऐकलं? 'तुझा क्लोजर काउंट पडलाय', म्हणजे मिटवलेली तिकिटं कमी झाली. शेजारचा दर सोमवारी तेच तिकीट तीसदा क्लोज करत होता, तो स्टार परफॉर्मर.

माजी_टीम_लीड:
रडगाणं. काउंट पडला तर का पडला हे मॅनेजरला आकडे घेऊन सांगायचं असतं, ते कोण करणार, तुझे वडील? मी पण एल-वनवरूनच, म्हणजे सपोर्टच्या सगळ्यात खालच्या पायरीवरूनच, वर आलो. सर्टिफिकेटने बढती मिळत नाही हे मान्य, पण त्याशिवाय मीटिंगमध्ये तोंड उघडता येत नाही. आपली पोरं कॉलवर म्यूट असतात आणि नंतर चहाच्या टपरीवर मॅनेजरला शिव्या घालतात. वर गणपती आले की निम्मी टीम आजारी.

गुहागरची:
गणपती मध्ये आणलेच का? दिवाळीत, नाताळात दिल्ली-केरळची मंडळी घरी जातात तेव्हा 'प्लॅन्ड लीव्ह', आम्ही गेलो की 'निम्मी टीम आजारी'.

माजी_टीम_लीड:
कारण तुम्ही सगळे एकाच दिवशी जाता!! चोवीस तास सपोर्ट आहे, क्लायंटला सांगू का की बाप्पा आलेत, उद्या फोन करा?

माडाखालचा:
मेल्या, रेल्वेचा तिकीट ६० दिस आधी सुटता, पाच मिन्टात वेटिंग लागता. आणि तुझो रोस्टर येता पंधरा दिस आधी. आमी काय करूचा?

रात्रपाळी_रत्नागिरी:
हाच मुद्दा! पूर्वी १२० दिवस होते, नोव्हेंबर २०२४ पासून ६०, तरी तिकीट सुटायच्या आधी रोस्टर येत नाही. म्हणून लोक आधी तिकीट काढतात आणि मग आजारी पडतात. मूळ कारण शोधा म्हणतात ना, घ्या शोधून.

माजी_टीम_लीड:
रोस्टर एकदा लावून बघ, मग बोल. नऊ जण, तीन शिफ्ट, त्यातले सात तळकोकणातले. दोन वर्षं मी स्वतः नाइट मारली चतुर्थीला. आरती व्हिडिओ कॉलवर, तीही क्लायंटचा फोन आला म्हणून अर्धवट. आई वर्षभर ऐकवत होती.

गुहागरची:
ते वाईटच. पण सगळ्यात खपलं कोण? १९ जुलै २०२४ आठवतो ना, निळ्या स्क्रीनचा दिवस, क्राउडस्ट्राइकच्या बिघडलेल्या अपडेटने जगभर ८५ लाख विंडोज मशिनी पडल्या. लॉक झालेलं मशीन उघडायच्या रिकव्हरी की चे ४८ आकडे फोनवर एकेक करून वाचून दाखवणारे आम्ही एल-वनच, तेही रडकुंडीला आलेल्या युजरला. सर्टिफिकेटवाले ब्रिज कॉलवर, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र कॉलवर, दर दहा मिनिटांनी 'ईटीए काय?', म्हणजे कधी सुटणार, एवढंच विचारत होते. आणि २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्या भागात कित्येक दिवस लाइट नव्हती, तर माझ्या अप्रेझलमध्ये लिहिलं 'अव्हेलेबिलिटी कमी'. पोल आडवे झालेले, अव्हेलेबल कुठून असणार?

माजी_टीम_लीड:
'ईटीए काय' विचारणारा मीच होतो, हो. मला वरून दर पाच मिनिटांनी विचारत होते. ठीक आहे, काउंटवर माणूस मोजणं चुकीचं, एवढं देतो. पण पोस्ट लिहिणाऱ्याचं म्हणणं पूर्ण खोटं नाही, शिकायला सांगितलं की अर्धी पोरं 'बघू' म्हणतात.

रात्रपाळी_रत्नागिरी:
उपकार झाले. यंदाचं रोस्टर कधी लावताय तेवढं सांगा.

माजी_टीम_लीड:
मी आता लीड नाही. नाव वाच.

माडाखालचा:
मगे इतको वेळ भांडलो कोणासाटी? दीड दिसाचो काय तुमचो?

माजी_टीम_लीड:
अकरा.

माडाखालचा:
अरे देवा. मगे तुमी बरोबर.