विकास सोसायटीने गावातल्या ठेवी घ्याव्यात का?

देवगडचा बागायतदार
यंदा गावच्या विकास सोसायटीवर संचालक म्हणून निवडून आलो. सोसायटीचं काम काय, तर जिल्हा बँकेकडून पीककर्ज आणायचं, वाटायचं आणि मार्चमध्ये नवं-जुनं करायचं, म्हणजे जुनं फेडून नवं उचलायचं. वेळेत फेडलं तर 3 लाखांपर्यंत व्याज शून्य पडतं, हे चांगलंच आहे. पण ते पैसे पावसाळ्यातच संपतात. नोव्हेंबरपासून आंब्याच्या फवारण्या सुरू झाल्या की लोक वाशी बाजारातल्या दलालाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतात. मग माल त्यालाच घालायचा आणि विक्रीच्या हिशेबाची येईल ती पट्टी मुकाट घ्यायची. मे-जूनमध्ये मात्र याच गावात पैसा असतो. तो सोसायटीने ठेवीत घेतला तर?

निवृत्त सचिव, राजापूर
जरूर घ्या. पण ठेवीदाराला पहिल्याच दिवशी सांगा की बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, सोसायटीतल्या ठेवीला नसतो. हे लपवू नका.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आपल्याकडे सगळ्यांचं पीक एकच. थ्रिप्स ही कीड आली किंवा मार्चात अवकाळी पडला तर वसुली थांबते आणि त्याच महिन्यात ठेवीदार पैसे मागायला येतात. म्हणून ठेवी सगळ्या कर्जात घालायच्या नाहीत. मागितल्याबरोबर मिळेल असा चांगला हिस्सा जिल्हा बँकेत ठेवायचा, मग कर्जदार सभासद कितीही रागावोत. एकदा ऐन जूनमध्ये खाडीकडची एक मासेविक्रेती पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आली. मुलीची कॉलेजची फी त्याच दिवशी भरायची होती. आम्ही तासाभरात रोख दिली. पुढे तिच्या वाडीतल्या बायका आपणहून खाती उघडायला आल्या. व्याजदर एकीनेही विचारला नाही.

इंडोनेशियातल्या बँक राक्यात या सरकारी बँकेने खेड्यातल्या शाखा 1984 पासून नव्याने उभ्या केल्या, त्याही याच जोरावर. कधीही, कितीदाही पैसे काढता येतील असं बचत खातं 1986 मध्ये देशभर सुरू केलं आणि पुढे त्या शाखांमधली बचत वाटलेल्या कर्जाच्याही वर गेली. गरिबाकडे बचत नसते असं म्हणणाऱ्या संचालकांना हे सांगा.

काजूवाली, गुहागर
सचिवसाहेबांचं पटलं. पण कर्ज कोणाला देणार, तेही आताच ठरवा. आमच्या सातबारावर वीस-बावीस नावं आहेत, निम्मी मुंबईला, काही वारलेली. संमतीच्या सह्या मिळत नाहीत म्हणून कर्ज अडतं. माझं तर नावच नाही, आणि काजू वेचणं, सुकवणं, विकणं सगळं माझ्याकडे. 1992 मध्ये नाबार्ड या शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेने बचत गट बँकांना जोडले, तेव्हापासून गटातल्या बायकांना बचतीवर आणि एकमेकींच्या हमीवर कर्ज मिळतं. ते सोसायटीलाही जमेल. आमच्या ठेवी घेणार असाल तर नाममात्र सभासद करून ठेवू नका. नाममात्र सभासदाला मत नसतं. पैसे आमचे असतील तर सभेत हातही आमचा वर व्हायला हवा.

देवगडचा बागायतदार
ताई, ही अट ठरावातच घालतो. सचिवसाहेब, सुरुवात कुठून करू?

निवृत्त सचिव, राजापूर
आधी पोटनियम, म्हणजे सोसायटीचे स्वतःचे नियम, काढून वाचा. ठेवी घेण्याची तरतूद नसेल तर दुरुस्तीचा ठराव सप्टेंबरअखेरच्या आतल्या वार्षिक सभेत मांडा आणि सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे पाठवा. त्याच सभेत लेखापरीक्षणाचा अहवाल मोठ्याने वाचून दाखवा, थकबाकीदार संचालकांच्या नावांसकट.